एका रकान्यात चार प्रश्न: खाती, अवतार आणि शिफारस-यंत्रणा बांधणाऱ्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

नोंदणीचा फॉर्म, प्रोफाइलचं पान, जोडीदार शोधून देणारं ॲप, गेममधला अवतार, 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणत पुढे सरकणारी यादी: यांपैकी काहीही तुम्ही बांधत असाल, तर तुमच्या डेटाबेसमध्ये 'लिंग' नावाचा एक रकाना बहुधा आहेच. तो कशासाठी आहे असं विचारलं तर 'असतोच' यापलीकडे उत्तर क्वचित मिळतं. त्याच्या शेजारी हल्ली दुसराही एक रकाना असतो, जो फॉर्मवर दिसत नाही: हा माणूस कोणाकडे आणि कशाकडे ओढला जातो, याचा यंत्राने बांधलेला अंदाज. हे पत्र या दोन रकान्यांबद्दल आहे.

मागणी एकच आहे. लिंगभाव आणि इच्छा यांना माणसाला चिकटलेले गुणधर्म समजून साठवू नका. ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीपुरतं, माणसाने स्वतः दिलेलं उत्तर म्हणून साठवा. मागणीचं मूळ तत्त्वज्ञानात आहे, पण ती पुरी व्हायची तर टेबलाच्या रचनेतच व्हावी लागते. म्हणून दोन्हींविषयी लिहितो आहोत.

आधी रचना. लिंगाच्या नोंदीसाठी आयएसओ ५२१८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात चार आकडे आहेत: ० म्हणजे माहीत नाही, १ पुरुष, २ स्त्री आणि ९ म्हणजे लागू नाही. 'माहीत नाही' आणि 'लागू नाही' हे वेगवेगळे ठेवण्यात मानकाने प्रामाणिकपणा दाखवला आहे. कोड लिहिताना मात्र ० आणि ९ गळून पडतात आणि 'पुरुष आहे का: हो किंवा नाही' एवढंच उरतं. गडबड इथून सुरू होते. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांची जागा रिकामी राहते, पुढचा प्रोग्राम त्या रिकाम्या जागेला 'नाही' समजतो, आणि गप्प राहिलेले सगळे अहवालात स्त्रिया म्हणून मोजले जातात. रकान्याचं नाव 'स्त्री आहे का' असं असेल तर तेच सगळे पुरुष होतात. पुढे या अहवालावरून कोणीतरी निर्णय घेतं.

याहून बरी सोय उपलब्ध आहे. डिजिटल व्हिजिटिंग कार्डाचं, म्हणजे व्हीकार्डचं, चौथं रूप २०११ च्या आरएफसी ६३५० या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजात ठरलं. त्यात लिंगाच्या नोंदीचे दोन भाग आहेत: आधी एक अक्षर, ज्यात 'इतर', 'लागू नाही' आणि 'माहीत नाही' हेही पर्याय आहेत, आणि अर्धविरामानंतर माणसाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेला मजकूर. दोन्ही भाग ऐच्छिक. कार्ड आयात करताना तुमची प्रणाली हा दुसरा भाग टाकून देते का, एवढं आजच तपासा.

या रकान्याला खरं तर चार वेगळे प्रश्न विचारले जातात. या माणसाला संबोधायचं कसं? याला कोणाला दिसायचं आहे आणि कोणाला शोधायचं आहे? कायद्याला किंवा उपचाराला शरीराविषयीची एखादी माहिती लागते का? आणि याला कोणती जाहिरात दाखवायची? चारही प्रश्नांना एकच उत्तर चालेल असं गृहीत धरणं ही मूळ चूक आहे. तिसरा प्रश्न बहुतेक सेवांना लागूच होत नाही. जिथे होतो तिथे 'लिंग' विचारून भागत नाही. औषधाच्या मात्रेसाठी वजन लागतं, तपासणीचं स्मरणपत्र पाठवण्यासाठी अमुक अवयव शरीरात आहे की नाही हे लागतं. तेवढंच विचारा.

संबोधनासाठीही तुम्ही समजता तेवढी माहिती लागत नाही. ९ जानेवारी २०२५ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने फ्रान्सच्या रेल्वे तिकिटांच्या प्रकरणात निकाल दिला. तिकीट काढताना 'श्री' की 'श्रीमती' हे निवडायची सक्ती होती. ग्राहकाशी पत्रव्यवहार करायला ही माहिती अपरिहार्य नाही, सर्वसामान्य सभ्य संबोधन पुरतं, असं न्यायालयाने म्हटलं. ज्या भाषांत क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं तिथे काम जरा कठीण आहे, अशक्य नाही. मराठीतच पाहा. 'आले' की 'आल्या' हा पेच 'आत्ता ऑनलाइन' असं लिहून सुटतो. 'त्यांनी फोटो टाकला' या वाक्यात क्रियापद फोटोप्रमाणे चालतं, टाकणाऱ्याप्रमाणे नाही. उरलेल्या वाक्यांसाठी आयसीयू या अनेक भाषांसाठीच्या सॉफ्टवेअर-संचाच्या संदेश-रचनेत 'निवड' करण्याची सोय आहे आणि तिथे 'इतर' ही शाखा सक्तीची आहे. तिच्यात पुल्लिंगी वाक्य चिकटवून मोकळं होऊ नका. अनुवादकाला ती शाखा वेगळी दाखवा आणि तिच्यासाठी वेगळा वेळ द्या.

शब्दांनी बांधलेल्या जगांनी हे वेगळेपण फार आधी ओळखलं होतं. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत पॅव्हेल कर्टिस यांनी १९९० मध्ये लॅम्डामू हे निव्वळ मजकुरातून चालणारं ऑनलाइन जग सुरू केलं. तिथे पात्राचं लिंग एका आज्ञेने बदलता येई. पर्यायांत पुरुष, स्त्री, नपुंसकलिंगी यांच्याबरोबर अनेकवचनी आणि राजेशाही 'आम्ही' असेही होते. महत्त्वाचं हे की त्या निवडीने फक्त सर्वनामं बदलत. दारं उघडणं, बोलणं, वस्तू घडवणं यांतलं काहीच तिच्यावर अवलंबून नव्हतं. संबोधनाचा प्रश्न त्यांनी संबोधनापुरताच ठेवला होता.

त्याच लॅम्डामूत उलट बाजूही दिसली. एका पात्राने दुसऱ्या पात्रांच्या नावे जबरदस्तीच्या लैंगिक कृत्यांची वर्णनं सर्वांसमोर छापली. त्यावरचा लेख १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अजून वाचला जातो. कोणाच्या अंगाला हात लागला नव्हता, तरी ज्यांच्या पात्रांवर हे घडलं ती माणसं हादरली. पडद्यावर शरीर नसतं, म्हणून तिथे सगळे मोकळे, हे स्वप्न त्या दशकात जोरात होतं. तत्त्वज्ञ मॉरिस मर्लो-पाँटी यांनी १९४५ मध्येच मांडलं होतं की शरीर ही आपल्या मालकीची एक वस्तू नव्हे. जग आपल्याला मिळतं ते शरीरातून. अवतारही थोड्या दिवसांत असाच जग मिळवण्याचा मार्ग होतो. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांच्या २००७ मधल्या प्रयोगांत उंच अवतार मिळालेली माणसं पैशांच्या वाटणीत अधिक ठामपणे वागली. अवतार आपण घालतो आणि तो आपल्याला वळण लावतो.

म्हणून अवताराच्या बांधणीत पहिलाच प्रश्न 'पुरुष की स्त्री' हा ठेवू नका. शरीराची ठेवण, आवाज, चाल, कपडे, सर्वनाम हे पाच वेगळे रकाने करा. वरचं लेबल बदलून 'शरीर अ' आणि 'शरीर ब' लिहिणं पुरेसं नाही. खाली संवाद आणि प्रेमप्रसंग जुन्याच पुरुष-स्त्री खुणेला बांधलेले राहतात. २०२० च्या सायबरपंक २०७७ या गेममध्ये शरीर आणि आवाज वेगळे निवडता येतात, ही चांगली गोष्ट, पण सर्वनाम आवाजाला बांधलं आहे आणि कोणतं पात्र तुमच्या प्रेमात पडू शकेल हे शरीर-आवाजावर ठरतं. बांधणाऱ्यांनी एक गाठ सोडली आणि दोन ठेवल्या. आपल्या कोडमध्ये अशा किती गाठी आहेत हे शोधायला ती जुनी खूण कुठे कुठे वाचली जाते याची यादी काढावी लागते. ही यादी आपण समजतो त्यापेक्षा लांब निघते.

पर्यायांची संख्या वाढवणं हाही उपाय नव्हे. फेसबुकने फेब्रुवारी २०१४ मध्ये पन्नासहून अधिक लिंगपर्याय दिले. जाहिरातदारांच्या पडद्यावर मात्र पुरुष, स्त्री आणि सर्व, एवढेच तीन राहिले. माणूस जे सांगतो ते सजावट आणि यंत्रणा जे वाचते ते खरं, अशी ही रचना आहे. यादी कितीही लांब केली तरी तिच्याबाहेर कोणीतरी राहतंच. त्यापेक्षा साठ-सत्तर अक्षरांचा मोकळा मजकूर द्या, तो कोणत्याही लिपीत स्वीकारा, आणि 'दाखवू नका' हा पर्याय बरोबरीने ठेवा. समतेच्या पाहणीसाठी आकडे हवे असतील तर ते खात्यापासून तोडून, वेगळ्या ऐच्छिक प्रश्नावलीत गोळा करा, आणि दहापेक्षा लहान गट अहवालात छापू नका, नाहीतर आकड्यावरून माणूस ओळखला जातो.

तत्त्वज्ञ जुडिथ बटलर यांचं १९९० मधलं म्हणणं इथे नीट समजून घ्यावं लागतं, कारण त्याचा विपर्यास फार होतो. लिंगभाव हा कृतींच्या मागे दडलेला पदार्थ नाही, तो पुन्हा पुन्हा होणाऱ्या कृतींतूनच घडतो, असं ते म्हणणं. यावरून लोकांनी काढलं की मग तो रोज सकाळी कपाटातून निवडता येतो. १९९३ मध्ये त्यांनी हा अर्थ स्पष्टपणे नाकारला: त्या कृती नियमांच्या धाकाखाली होतात, आणि नियम कोणी एकटा बदलू शकत नाही. तुमचा फॉर्म हा त्या नियमांतलाच एक. तो भरणं हीसुद्धा लिंगभाव घडवणारी एक कृती आहे. इयान हॅकिंग यांनी दाखवलेला फेरा हाच: माणसांचं वर्गीकरण केलं की माणसं त्या वर्गाला प्रतिसाद देत बदलतात, आणि मग वर्गही बदलावा लागतो. 'आम्ही फक्त नोंद घेतो' हे वाक्य म्हणूनच खरं नाही.

आता न दिसणारा रकाना. जॉन चेनी-लिपोल्ड यांनी २०११ मध्ये एक विलक्षण गोष्ट लक्षात आणून दिली. वेबवरचं वर्तन मोजणाऱ्या यंत्रणांसाठी 'पुरुष' म्हणजे संकेतस्थळांच्या भेटींवरून काढलेला एक संभव, जो प्रत्येक क्लिकने हलतो. म्हणजे फॉर्मपेक्षा हा अंदाज अधिक प्रवाही आहे! पण त्या प्रवाहीपणात आपल्याला जागा नाही. 'हा मी नाही' असं म्हणायला समोर कोणी नसतं, आणि असा अंदाज केला गेला हेच कळत नाही.

चेहऱ्यावरून लिंग सांगणाऱ्या प्रणालींबाबत तर प्रश्न दुहेरी आहे. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. सावळ्या-काळ्या वर्णाच्या स्त्रियांबाबत चूक ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली, गोऱ्या पुरुषांबाबत ती ०.८ टक्क्यांच्या वर गेली नाही. ही विषमता दूर केली तरी दुसरा दोष शिल्लक राहतो: लिंगभाव चेहऱ्यावर वाचता येतो हे गृहीतकच चूक आहे, आणि ट्रान्स व्यक्तींच्या बाबतीत ते अचूकतेच्या नावाखाली अपमान करतं. गूगलने २०२० मध्ये आपल्या प्रतिमा-ओळख सेवेतून 'पुरुष', 'स्त्री' ही लेबलं काढली. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये चेहऱ्यावरून लिंग सांगणारी सोय बंद करण्याची घोषणा केली. तेव्हा हे काढून टाकणं जमतं.

इच्छेचा प्रश्न याहून खोल आहे. प्लेटोच्या काळापासून एक परंपरा सांगते की इच्छा म्हणजे उणीव: जे नाही त्याची ओढ. दल्यूझ आणि ग्वातारी या फ्रेंच विचारवंतांनी १९७२ मध्ये उलट मांडलं: इच्छा काही भरून काढत नाही, ती जोडण्या करते, नवं घडवते. शिफारस-यंत्रणा पहिल्या समजुतीवर बांधलेली असते, म्हणजे तुमच्यात एक ठरलेली पोकळी आहे आणि यंत्र तिला साजेसं काही शोधून आणतं. चालते मात्र ती दुसऱ्या रीतीने. ज्याला कमी दाखवलं त्याला कमी पसंती मिळते, म्हणून तो आणखी कमी दिसतो. काही काळाने तो कोणालाच नको आहे असा निष्कर्ष निघतो, आणि तो निष्कर्ष यंत्राने स्वतः तयार केलेला असतो. टिंडर एके काळी बुद्धिबळपटूंच्या एलो गुणांकनासारखी पद्धत वापरत असे. आता ती वापरत नाही, असं त्यांनी २०१९ मध्ये सांगितलं. माणसाची वांछनीयता एका आकड्यात मावते असं मानलं की हा फेरा अटळ होतो. त्यावर ज्ञात इलाज असा: पाच ते दहा टक्के जागा क्रमवारीबाहेरच्या निवडीला राखून ठेवा, आणि प्रत्येक गोष्ट किती संभाव्यतेने दाखवली गेली तेही नोंदवा. ही नोंद नसेल तर 'आवडलं नाही' आणि 'दिसलंच नाही' यांतला फरक नंतर कोणत्याही गणिताने काढता येत नाही.

क्लिक म्हणजे इच्छा नव्हे, हेही सांगावंसं वाटतं. चार सेकंद थांबलेला अंगठा कुतूहलाने थांबला, भीतीने की किळसेने, हे घड्याळाला कळत नाही. हॅरी फ्रँकफर्ट यांनी १९७१ मध्ये दोन पातळ्या वेगळ्या केल्या: मला काय हवंसं वाटतं, आणि मला काय हवंसं वाटावं असं मला वाटतं. माणूसपण या दुसऱ्या पातळीत आहे असं त्यांचं म्हणणं. तुमची यंत्रणा फक्त पहिली ऐकते. दुसरीला आवाज द्यायचा तर 'हे कमी दाखवा' या बटणाचं वजन थांबण्याच्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त ठेवा, जुन्या संकेतांचं वजन ठरावीक दिवसांनी निम्मं होऊ द्या, आणि लैंगिकतेशी संबंधित विषयांवरून कायमचा 'रस' बांधूच नका. एखाद्या रात्री शंका म्हणून वाचलेलं पान दुसऱ्या दिवशी घरातल्या सामाईक टॅबवर जाहिरात होऊन उभं राहतं. ज्याने अजून स्वतःलाही काही सांगितलेलं नाही, त्याची गोष्ट घरच्यांसमोर उघडी पडते.

मिशेल फुको यांनी १९७६ मध्ये लिहिलं की आधुनिक समाजाने लैंगिकतेला माणसाचं गुप्त सत्य ठरवलं आणि ते वदवून घेण्यासाठी कबुलीची तंत्रं उभारली. आता कबुली द्यायला माणूस हजर असण्याचीही गरज उरलेली नाही. 'आम्ही तर विचारलंच नाही' हा बचाव कायद्यातही टिकत नाही: युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ ऑगस्ट २०२२ रोजी ठरवलं की ज्या माहितीवरून लैंगिक कल काढता येतो तीही विशेष संरक्षणाच्या वर्गात येते. मुख्यतः समलिंगी पुरुष वापरतात त्या ग्राइंडर या डेटिंग ॲपने वापरकर्त्यांची एचआयव्हीची स्थिती बाहेरच्या दोन कंपन्यांपर्यंत पोहोचू दिली हे २०१८ मध्ये उघड झालं. पुढे जाहिरातींसाठी माहिती वाटल्याच्या वेगळ्या प्रकरणात नॉर्वेच्या नियामकाने २०२१ मध्ये ग्राइंडरला ६.५ कोटी क्रोनरचा दंड केला.

अंतर दाखवणाऱ्या ॲपवाल्यांनी पुढचं विशेष लक्ष देऊन वाचावं. खोटं ठिकाण देऊन तीन जागांवरून अंतर मोजलं की माणूस नकाशावर सापडतो. यावर अंतर शंभर मीटरच्या पटीत दाखवणं हा नेहमीचा उपाय केला जातो आणि तो फसतो: हल्लेखोर थोडं थोडं सरकत आकडा नेमका कुठे बदलतो ती सीमा शोधतो, आणि अशा तीन सीमांवरून जागा पुन्हा मिळते. अंतर काढण्याआधीच ठिकाणाला ढोबळ चौकोनाच्या मध्यावर नेऊन बसवा. अंतर लपवून यादी मात्र जवळून दूर अशीच लावलीत, तर क्रमावरूनही तेच कळतं.

ओळख काळात टिकते कशाने? जॉन लॉक यांचं उत्तर होतं: स्मृती जिथवर पोहोचते तिथवर तीच व्यक्ती. आज ती स्मृती दुसऱ्यांच्या सर्व्हरवर असते. नाव बदललेल्या माणसाला जुनं नाव विसरायचं असतं आणि प्रणाली ते विसरू देत नाही. खात्याची मूळ खूण अर्थहीन आकडा ठेवा, नाव फक्त दाखवण्यापुरतं. तरी ते कुठे कुठे मुरलेलं असतं: पानाच्या पत्त्यात, जुन्या उल्लेखांच्या मजकुरात, शोधाच्या सूचीत, पाठवून झालेल्या ईमेलमध्ये, बनवून ठेवलेल्या पीडीएफमध्ये. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये तर नाव प्रत्येक नोंदीच्या (कमिटच्या) ओळख-आकड्यात, म्हणजे हॅशमध्येच, गुंफलेलं असतं. 'मेलमॅप' फाइल नवं नाव दाखवते, पण जुनं-नवं शेजारी लिहून ती स्वतःच उघडं करते. 'अमुकने नाव बदलून तमुक केलं' अशी सूचना मित्रयादीला पाठवणं हा सगळ्यांत वाईट प्रकार. ती आधी बंद करा. खऱ्या नावाच्या सक्तीचा अनुभव पुरेसा बोलका आहे: गूगल प्लसने २०११ मध्ये लादलेली सक्ती २०१४ मध्ये मागे घेतली, आणि ड्रॅग कलाकारांची खाती बंद केल्याबद्दल फेसबुकने १ ऑक्टोबर २०१४ रोजी माफी मागितली. दोन वेगळ्या वर्तुळांत दोन रूपांनी वावरणं म्हणजे लबाडी नव्हे. तेव्हा सुरक्षेसाठी घेतलेल्या फोन नंबरवरून ती दोन रूपं 'ओळखीचे लोक' म्हणून एकमेकांना दाखवू नका.

मग फसवणुकीचं काय, असं तुम्ही विचाराल, आणि ते विचारायलाच हवं. १९८० च्या दशकात कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवेवर एका पुरुष मानसोपचारतज्ज्ञाने अपंग स्त्रीचं रूप घेऊन अनेक स्त्रियांचा विश्वास मिळवला. उघड झाल्यावर त्या दुखावल्या. आमच्या मते घाव शरीर आणि पात्र यांच्या विसंगतीने झाला नाही. खोट्या आधारावर गुपितं काढून घेतल्याने झाला. म्हणून तपासायचं ते वर्तन: पैसे मागणं, गुपितांच्या जोरावर दबाव आणणं, एकाच वेळी अनेकांना तोच मजकूर पाठवणं. शरीराची पडताळणी यातलं काहीच पकडत नाही. शिवाय सुरुवात स्वतःपासून करा. ॲशली मॅडिसन या विवाहबाह्य संबंध जुळवणाऱ्या संकेतस्थळाची माहिती २०१५ मध्ये फुटली तेव्हा कळलं की पुरुषांना गुंतवून ठेवण्यासाठी खोट्या स्त्री-खात्यांची फौज कंपनीच चालवत होती.

आता कामाचा क्रम. जुना रकाना एकदम पुसू नका. आधी त्यात नवं लिहिणं थांबवा. मग तो वाचणारा प्रत्येक प्रोग्राम, अहवाल आणि बाहेरची सेवा शोधा आणि चारपैकी कोणता प्रश्न तिला हवा आहे ते लिहून काढा. ज्याला उत्तर देता येत नाही त्याचं वाचन तोडा. ज्याला देता येतं त्याच्यासाठी वेगळा रकाना करा, त्यात माणसाकडून नव्याने विचारून भरा. जुनी किंमत नकलून टाकू नका. त्यानंतर जुना रकाना काढा आणि बॅकअप किती दिवसांनी संपतात ते जाहीर करा. शेवटी, त्या रकान्यावर शिकवलेली मॉडेलं नव्याने शिकवा, कारण टेबलातून पुसलेलं मॉडेलच्या वजनांतून पुसलं जात नाही. नव्या मॉडेलमधून लिंगाचा अंदाज पुन्हा काढता येतो का, हे एक लहान वर्गीकारक (गट ओळखणारं मॉडेल) लावून तपासा. येत असेल तर कोणत्या संकेतांतून तो झिरपतो ते शोधा. नाव, प्रोफाइलचा फोटो आणि वापराची वेळ इथून आरंभ करा.

कळावे,
तत्त्वज्ञान आणि डेटा-रचना या दोन्हींत काम करणारे काही जण